वाचक विचारतात : गाभाऱ्याची वाट, फकिराची वाट

या महिन्याच्या पत्रांत देवळांविषयी विचारणारी पत्रं जास्त आहेत. नागपूरच्या ताजबागेविषयीचं, म्हणजे ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याविषयीचं, एक पत्र मात्र असं आहे की ते वाचून झाल्यावर मी अर्धा दिवस दुसरं काहीच केलं नाही. उत्तरं लांबली, म्हणून चारच प्रश्न घेतले आहेत. बाकीचे पुढच्या अंकात.

वर्ध्याची एक विद्यार्थिनी : बाई, आमची सहल रामटेकला गेली होती. गडावर माहिती सांगणारे काका प्रत्येक देवळापुढे "हे हेमाडपंती" एवढंच सांगत होते. आमच्या पुस्तकात नागर, द्राविड आणि वेसर असे तीन प्रकार दिले आहेत. रामटेकची देवळं यातल्या कुठल्या प्रकारात घालायची? परीक्षेत काय लिहू?

पोरी, परीक्षेचं शेवटी सांगते. आधी हेमाडपंतांना त्यांच्या जागी बसवू.

हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हे देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी असलेले मोठे अधिकारी. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या काळात देवळं बांधली गेली हे खरं, पण अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. हेमाद्रींच्या दोनशे वर्षं आधीचा. तरी त्या देवळालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. आता तुझ्या रामटेकचं बघ. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही देवळं विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. केवल नरसिंहाच्या भिंतीत तर वाकाटकांचा शिलालेखच सापडला. हेमाद्रींचा जन्म व्हायला तेव्हा अजून आठशे वर्षं अवकाश होता. त्याच टेकडीवर, लक्ष्मणाच्या देवळात, रामचंद्र यादवाच्या काळचा लेख आहे, आणि तटबंदीत भोसल्यांचा हात आहे. एका टेकडीवर तेरा-चौदाशे वर्षं उभी आहेत आणि आपण त्या सगळ्यांना मिळून एकच शब्द देतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. हा शब्द उच्चारला की पुढे बघायचं बंद होतं, म्हणून.

मग लोक ज्याला हेमाडपंती म्हणतात ते नेमकं काय? चुना न वापरता रचलेलं दगडी बांधकाम. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारा उंचवटा, आणि वरच्या वजनाने सगळं जागच्या जागी. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. त्यामुळे दगडाची तुळई फार लांब टाकली तर मधे मोडते. म्हणून खांब जवळजवळ लागतात आणि सभामंडपात इतकी गर्दी दिसते. ती नुसती हौस नव्हे, दगडाची अट आहे. छत करायचं तर दगडाचा एकेक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत न्यायचा, आणि मधलं भोक लहान होत होत शेवटी एका दगडाने झाकायचं. हे झालं बांधणीचं नाव.

नागर, द्राविड ही नावं दुसऱ्याच प्रश्नाची उत्तरं आहेत. तो प्रश्न शिखराच्या आकाराचा. द्राविड शिखर मजल्यांवर मजले चढवत जातं. राजराज चोळाने बांधलेलं आणि १०१० च्या सुमारास पूर्ण झालेलं तंजावरचं बृहदीश्वर डोळ्यांपुढे आण. नागर शिखर खालून वर एकाच बाकाने आत वळतं आणि वर आवळ्यासारखा खाचांचा चपटा दगड येतो. त्याचं नावच आमलक. नागर घरातही भावंडं आहेत. साध्या शिखरात एकच उंच अंग असतं. खजुराहोच्या कंदारिया महादेवाला मोठ्या शिखराच्या अंगाला बिलगलेली छोटी शिखरं आहेत, चौऱ्याऐंशी मोजतात. आणि तिसरा प्रकार भूमिज, तो आपल्या मुलखाचा. चारही बाजूंनी मधोमध एक सरळ पट्टा वर जातो, आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत चिमुकली शिखरं एकाखाली एक, ओळींनी, माळेत ओवल्यासारखी. विदिशेजवळच्या उदयपूरचं उदयेश्वर हा त्याचा नमुना. परमार राजा उदयादित्याने बांधलेलं, १०८० चं. सिन्नरचं गोंदेश्वर आणि अंबरनाथ याच घरातली.

'वेसर'पाशी थोडी थांब. दक्षिणेतले शिल्पग्रंथ हे शब्द वापरतात ते शिखराच्या आकारासाठी. चौकोनी ते नागर, अष्टकोनी ते द्राविड, गोल ते वेसर. उत्तरेत आणि आजच्या पुस्तकांत हेच शब्द प्रदेशांची नावं होऊन बसले. वेसर म्हणजे नक्की काय यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. पुस्तकातल्या तीन रकान्यांत सगळा भारत बसत नाही, तो तुझा दोष नाही.

वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळात मी पहिल्यांदा गेले ती मुलींना घेऊन, एसटीने, चंद्रपूर-मूल-चामोर्शी अशी. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, म्हणून काठ पवित्र मानलेला. सोबतच्या मुलींना मी एकच काम दिलं होतं : वहीत शैलीचं नाव लिहायचं नाही. भिंतीजवळ उभं राहायचं, मान वर करायची आणि दगडाची कड कुठे आत वळते ते काढायचं. दोन तास कुणी बोललं नाही. जंघेवरच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या मधल्या भागावरच्या, मूर्तींच्या आडव्या रांगा मोजताना एकीच्या लक्षात आलं की भिंत सरळ नाहीच, ती कोनाकोनांनी आतबाहेर होते, आणि तेच कोन वर शिखरातही चालू राहतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नागर शिखर म्हणजे खालच्या नकाशाची वर गेलेली सावली, हे ती त्या दिवशी स्वतःच्या मानेने शिकली.

तर परीक्षेत लिही : हेमाडपंती हे चुन्याशिवायच्या बांधणीला मिळालेलं लोकांमधलं नाव. नागर, भूमिज, द्राविड ही शिखराच्या घडणीची नावं. एकच देऊळ दोन्ही असू शकतं. आणि रामटेकचे नरसिंह या सगळ्यांच्या आधीचे आहेत.

उमरेडचे एक निवृत्त वाचक : गाभाऱ्याला खिडकी का ठेवत नसत? तंत्र नव्हतं म्हणून?

तंत्र होतं. मंडपाला जाळ्या, झरोके आहेतच. गाभाऱ्याच्या भिंतींवर शिखराचं सगळं ओझं येतं, म्हणून त्या जाड आणि शक्य तितक्या अखंड ठेवत, हे एक कारण. पण मुख्य कारण नावातच आहे. गर्भगृह. गर्भात उजेड नसतो. आणि उजेड एकदम जात नाही, हे बघा. उन्हातून दारापुढचा अर्धमंडप, तिथून सभामंडप, मग अंतराळाची अरुंद जागा, मग उंबरठा. प्रत्येक टप्प्याला प्रकाश थोडा कमी, छत थोडं खाली, जागा थोडी लहान. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. घाईने आत गेलेल्याला फक्त काळोख दिसतो. मंडपात बसून मग आत गेलेल्याला समईच्या उजेडात मूर्ती दिसते. अंबरनाथला तर गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. पुढच्या वेळी आधी सभामंडपातल्या कासवापाशी बसा.

नागपूरच्या सक्करदऱ्याच्या एक वाचक : माझी आजी मला दर गुरुवारी ताजबागेत न्यायची. आम्ही हिंदू. ती गेली त्याला आता वर्ष होईल. कव्वालीत 'फना' हा शब्द येतो. एकांनी सांगितलं की फना म्हणजे मुक्तीच, शब्द तेवढा वेगळा. आजीला हे माहीत होतं का, असं सारखं वाटतं. फना म्हणजे काय?

तुमचं पत्र वाचून मला माझी आई आठवली. महालातून टांगा करून आम्ही जायचो. उमरेड रोडला तेव्हा मोकळं रान होतं. मी एकदा तिला विचारलं, तू काय मागितलंस? आई म्हणाली, "तिथं मागायचं नसतं, बसायचं असतं." एवढंच. पुढे कितीही वाचलं तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या वाक्यापासूनच सुरू करते.

फना म्हणजे नाहीसं होणं. काय नाहीसं होतं? माणूस नाही, त्याचा 'मी'. नवव्या शतकातल्या बायजीद बिस्तामींच्या बोलण्यात हा विचार ठळकपणे येतो. पण त्याला वळण दिलं बगदादच्या जुनैदांनी, ज्यांचं निधन ९१० मध्ये झालं. ते म्हणाले, फनाच्या पुढे 'बका' आहे, म्हणजे टिकणं. 'मी' विरघळल्यावर माणूस परत शुद्धीवर येतो, बाजारात जातो, देणीघेणी करतो, पण आता तो देवाच्या ठायी टिकलेला असतो. जुनैदांना बेहोशीपेक्षा ही जाग मोलाची वाटे. फनावर थांबलेली व्याख्या म्हणून अपुरी. परतणं त्यात आहे.

फारसी कवी अत्तार यांनी याची गोष्टच केली. पक्षी आपल्या राजाच्या, सीमुर्गच्या, शोधात निघतात. सात दऱ्या ओलांडतात : शोध, प्रेम, ओळख, निरपेक्षता, एकत्व, आश्चर्य आणि शेवटची दारिद्र्याची नि फनाची. बहुतेक पक्षी वाटेत गळतात. उरतात तीस. आणि फारसीत 'सी मुर्ग' म्हणजे तीस पक्षी. राजाच्या दरबारात त्यांना दिसतं ते स्वतःचंच रूप. सहाव्या दरीचं नाव आश्चर्य आहे याकडे मी नेहमी लक्ष वेधते. शेवटाच्या इतक्या जवळ येऊन तिथे ज्ञान नाही, थक्क होणं आहे.

आता मुक्तीशी तुलना. घाई नको. आपल्याकडे मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं. सूफींच्या मुख्य परंपरेत पुनर्जन्मच नाही, मग सुटायचं त्या फेऱ्यातून कसं? फना जिवंतपणीची आहे, म्हणून तुलना करायचीच तर जीवन्मुक्ताशी, म्हणजे जिवंतपणीच मुक्त झालेल्याशी, करा. तीही पुरती जुळत नाही. कारण 'मी' गेल्यावर उरतं काय, यावर सूफींमध्येच मोठा वाद आहे. इब्न अरबी (११६५-१२४०) यांच्या विचारातून 'वहदत-उल-वुजूद' ही मांडणी आली : खरं अस्तित्व एकाचंच. सरहिंदचे शेख अहमद (१५६४-१६२४) म्हणाले, नाही, एकपण आहे ते पाहणाऱ्याच्या अनुभवात. त्यांचा दाखला सुंदर आहे. सूर्य उगवला की चांदण्या दिसत नाहीत, पण त्या नसतात असं नव्हे. आपल्याकडे अद्वैत आणि द्वैत यांवर झालेल्या वादाची आठवण होईल, होऊ द्या. पण दोन्ही घरचे वाद त्या त्या घरचे म्हणून आधी ऐका.

आजीला हा शब्द माहीत होता का, ते तुम्हीच मला सांगू शकाल. त्या तिथे काय करायच्या, मागायच्या की बसायच्या? दर्ग्यातल्या वार्षिक दिवसाला 'उरूस' म्हणतात. तो मूळ अरबी शब्द लग्नाचा आहे. पुण्यतिथी दुःखाने नाही, मीलन म्हणून साजरी होते. त्यांचं वर्ष येईल तेव्हा हे मनात असू द्या.

अमरावतीचे एक शिक्षक : एका व्याख्यानात ऐकलं की शरीअत, तरीकत, मारिफत, हकीकत या सूफींच्या चार पायऱ्या म्हणजेच अर्धमंडप, सभामंडप, अंतराळ आणि गाभारा. एकाने दुसऱ्याकडून घेतलं. हे बरोबर आहे का?

ऐकायला फार छान आहे, म्हणूनच सावध राहावंसं वाटतं. वाट टप्प्यांनी जाते हे साम्य आहे. पण साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. देवळाचा हा नकाशा भारतात सूफी सिलसिले, म्हणजे गुरुशिष्यांच्या परंपरा, रुजण्याच्या आधीच पक्का झाला होता. तंजावर १०१०, अंबरनाथ १०६०. अजमेरच्या ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींचं निधन १२३६ चं. आणि सूफींची मुक्कामांची कल्पना बगदाद, खुरासानकडे वाढलेली, आपल्या मंडपांपासून दूर. शिवाय जागेचा अर्थही वेगळा. गाभाऱ्यात देव वसतो अशी भावना आहे. दर्ग्यात एक माणूस निजलेला आहे, देवाजवळचा म्हणून मानलेला. त्याच्या पायाशी उभं राहतात. दर्गा म्हणजे मुसलमानांचं देऊळ असं कुणी म्हटलं की मी दरवेळी एवढं सांगते.

पण गुरुजी, खरी देवाणघेवाण बघायची असेल तर ती आहे. तत्त्वज्ञानात नाही, कारागिराच्या हातात. दिल्लीच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीपुढची कमानींची मोठी भिंत ११९९ च्या सुमाराची. दिसायला कमान, पण बांधली आहे देवळाच्या छतासारखी, थर पुढे पुढे काढत. सांगणाऱ्याला कमान हवी होती, आणि करणाऱ्या हातांना मंडपाचं छत येत होतं. पाचरीसारखे दगड लावून केलेली खरी कमान दिल्लीत दाखवतात ती बल्बनच्या थडग्यात, म्हणजे तेराव्या शतकाच्या शेवटाकडे. दुसरं उदाहरण तुम्ही जवळच्या कुठल्याही दगडी देवळात आणि कुठल्याही घुमटाखाली पाहू शकता. चौकोनी खोलीवर गोल छत कसं बसवायचं? देवळात चार कोपऱ्यांवर तिरके दगड टाकतात, चौकोनाचा अष्टकोन होतो, पुन्हा तसंच केलं की वर्तुळ जवळ येतं. घुमटवाला कोपऱ्यांत छोट्या कमानी बांधतो आणि तोच चौकोन, तोच अष्टकोन, तेच वर्तुळ. साधन वेगळं, कोडं एक. दोन्हीकडे मान वर करून उभं राहिलं की मला त्या अनाम हातांविषयी जे वाटतं ते व्याख्यानातल्या तक्त्याने कधी वाटलं नाही.

आणि तो तक्ता आपल्या नागपुरातच मोडतो. शिहाबुद्दीन सुहरावर्दी (निधन १२३४) यांचा 'अवारिफ-उल-मआरिफ' हा ग्रंथ चिश्ती परंपरेतली सूफी मंडळी शिकत-शिकवत. बाबा फरीदांनी तो निजामुद्दीन औलियांना शिकवला. त्यात साधकांचे भेद सांगितले आहेत. जो पायरी पायरीने चालतो तो 'सालिक'. ज्याला वरून ओढून घेतलं, ज्याने वाट चाललीच नाही, तो 'मजजूब'. कामठीला १८६१ मध्ये जन्मलेले ताजुद्दीन बाबा लोकांनी मजजूब म्हणूनच ओळखले. नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ते अनेक वर्षं होते. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं. १९२५ मध्ये ते गेले. त्यांच्यासाठी अर्धमंडप कुठला आणि अंतराळ कुठलं?

तुम्ही अमरावतीचे, म्हणून एक सांगते. रिद्धपूर तुमच्या जिल्ह्यात आहे. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहत, चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात ते देवळादेवळांतून हिंडतात, हसतात, रुसतात, मूर्तींशी खेळतात. लोक त्यांना वेडा म्हणत आणि तेच लोक त्यांना माय नि बापही म्हणत. महानुभाव त्यांना ईश्वराचा अवतार मानतात. मजजूब हा माणूस असतो. हा फरक पुसू नका. पण विदर्भाने सहाशे वर्षांच्या अंतराने दोन वेड्यांना घर दिलं. टप्प्यांच्या तक्त्यापेक्षा मला हे जास्त खरं आणि जास्त आपलं वाटतं.

रिद्धपूरचं आणखी एक. प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीचा एक ताम्रपट तिथेच सापडला, आणि त्यात रामगिरीच्या स्वामीच्या पायांचा उल्लेख आहे. रामगिरी म्हणजे वर्ध्याच्या त्या मुलीचं रामटेक. मुलांना घेऊन एखादं देऊळ बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, एक शिवणकामाची टेप आणि चौकटीच्या कागदाची वही घ्या. दारापासून गाभाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत किती पावलं आणि प्रत्येक टप्प्यावर छत किती खाली येतं, एवढंच मुलांकडून लिहून घ्या. शैलीचं नाव नको. तो कागद मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, पुढच्या अंकात छापू.